राखण त्यांची, भरवणं आपलं: इंदिरानगरच्या एका एंजल जोडीचं प्रकरण

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "अरे, तू ये आणि ही एंजलची जोडी घेऊन जा. स्वतःची अंडी खाणारे मासे मला घरात नकोत."

मी गेलो, पण जोडी आणली नाही. पुढचे आठ आठवडे मात्र दर दोन-तीन दिवसांनी नाशिकच्या गंगापूर रोडवरून इंदिरानगरपर्यंत माझी फेरी ठरलेली. काका अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्त झाले तरी प्रत्येक गोष्ट वहीत वेळेसकट टिपायची सवय सुटलेली नाही. हे प्रकरण इतकं तपशिलात लिहिता येतंय ते त्या वहीमुळेच.

आधीचे तीन प्रयत्न

हॉलमध्ये तीन फुटी टँक, साधारण १२५ लिटरचा. दोन वर्षांपूर्वी दुकानातून सहा छोटे एंजल आणले होते, त्यातल्या दोघांनी आपली आपण जोडी जमवली. जोडी मिळवायची हीच खात्रीची रीत. दुकानात ‘पेअर’ म्हणून देतात ते दोघे कधी कधी दोन माद्या निघतात, आणि दोन माद्याही मन लावून अंडी घालतात. ती फळत नाहीत, एवढंच. काकांच्या टँकमध्ये जोडीशिवाय दहा-बारा टेट्रा (छोटे मासे) आणि वीतभर लांबीचा एक सकर, म्हणजे काच चाटणारा मासा, होता.

वहीतली सप्टेंबरची नोंद: अंडी फिल्टरच्या पाईपवर, संध्याकाळी. सकाळी एकही नाही. काकांनी आरोप आई-बापांवर ठेवला. मी सकरकडे बोट दाखवलं. सकर रात्री हिंडतो, आणि अंधारात एंजलना दिसत नाही. दिवसभर ज्या सकरला त्यांनी हाकलून लावलं असेल, तोच रात्री निवांत पाईप चाटून जातो.

ऑक्टोबरची नोंद जास्त बोलकी निघाली. "रात्री ११.२० ला दिवा लावून पाहिलं, अंडी शाबूत. दिवा बंद. पहाटे ५.४० ला एकही नाही." मी विचारलं, "काका, दिवा का लावलात?" तर म्हणाले, "बघायला." घरातल्या कुणालाही गाढ झोपेत तोंडावर टॉर्च मारून उठवलं आणि लगेच काळोख केला, तर तो डोकं शाबूत ठेवून वागेल का? मासे दचकतात, धोका आहे असं समजतात, आणि जे वाचवता येणार नाही ते गिळून टाकतात. अंड्यांत ताकद गेलेली असते, ती निदान पोटात परत येते. ह्यात क्रूरपणा नाही, हिशेब आहे.

नोव्हेंबरात काकांनी स्वतःच तोडगा काढला. अंड्यांसकट पाईप काढून काचेच्या बरणीत ठेवला, बुरशी धरू नये म्हणून मिथिलिन ब्लूचे दोन थेंब टाकले, हवेची नळी सोडली. अंडी फुटली, पिल्लं पोहायला लागली, म्हणजे इथवर काही चुकलं नव्हतं. मग त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून दिला. चौथ्या दिवशीची नोंद: "पाणी दुधाळ. सगळी तळाशी."

बलक हा आपल्याकडचा जुना सल्ला आहे आणि दर वर्षी किती बरण्या संपवतो देव जाणे. पिल्लं त्यातला कणभर खातात, उरलेला सडतो. जिवाणू वाढतात, ते पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि अमोनिया साचतो. बरणीत मुरलेला, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू बसलेला, फिल्टर नसतो, त्यामुळे तो अमोनिया जिरवणारं कुणीच नसतं. म्हणजे पहिली खेप सकरने नेली, दुसरी दिव्याने, तिसरी बलकाने. आई-बापांचा हात फक्त मधल्या खेपेत होता आणि तिथेही सुरुवात आपण केली होती.

काकांना सांगितलं, ह्या वेळी जोडीला वेगळी खोली द्यायची आणि पिल्लं त्यांच्याजवळच ठेवायची. ज्यांना संख्या हवी ते अंडी काढून घेतात आणि त्यांचं बरोबरच आहे. तसं केल्याने जास्त पिल्लं हाती लागतात. पण काकांच्या सात वर्षांच्या नातीला ‘आई-बाबा मासे बाळांना कसे सांभाळतात’ ते बघायचं होतं. बरणीत ते दिसलं नसतं.

दुसरा टँक

दोन फुटी टँक, साधारण ८५ लिटर. तळाला वाळू नाही, म्हणजे सडकं साठायला जागा नाही. तीन बाजूंना बाहेरून खाकी कागद. जुन्या टँकमध्ये आधीपासून चालून मुरलेला स्पंज फिल्टर, शंभर वॅटचा हीटर २८ अंशांवर. फिल्टर स्पंजचाच हवा. मोटरवाला फिल्टर पिल्लांना आत ओढतो.

अंडी घालायला उभा, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. काकूंनी ओट्यातून उरलेली कडप्प्याची पट्टी आणून दिली. मी तिच्यावर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे आले. कडप्पा हा चुनखडीचा दगड. मऊ पाण्यात तो हळूहळू विरघळतो आणि पाणी कठीण करतो. आपल्या नाशिकचा काळा बसाल्ट लिंबाला दाद देत नाही, पण तो गुळगुळीत मिळणं अवघड. शेवटी चार इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून टेकवला. माशांना तोही आवडला.

पाण्याचं एक सांगायला हवं. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, ते बऱ्यापैकी मऊ. सोसायटीच्या बोअरचं मात्र कठीण. काकांच्या मीटरवर नळाचं टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १४० च्या आसपास, बोअरचं सहाशेच्या वर. कठीण पाण्यात अंडी फुटण्याचं प्रमाण घटतं, म्हणून टँकसाठी फक्त नळाचं, तेही क्लोरीन उडण्यासाठी रात्रभर हवा सोडून ठेवलेलं. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा सोडियम थायोसल्फेटचे थेंबही टाकावेत. हा जानेवारी होता, तेवढी गरज नव्हती.

आणि झिरोचा बल्ब. टँकपासून चार हातांवर, रात्रभर चालू. एवढ्या उजेडात आई-बापांना अंडी दिसत राहतात. मोठा दिवा बंद झाला तरी काळोख होत नाही.

"खाल्ली हो!"

४ जानेवारीला संध्याकाळी मादीने अंडी घातली. दोन दिवस आधीपासून दोघं पाईप तोंडाने घासून साफ करत होते आणि पोटाखाली अंडी घालायच्या-फळवायच्या नळ्या दिसायला लागल्या होत्या: मादीची जाड, बोथट, नराची बारीक, टोकदार. ती ओळीने अंडी चिकटवत वर सरकते, तो मागून येऊन फळवतो. तासाभराहून थोडा जास्त वेळ हे चाललं. काकांनी फोटो काढून ओळी मोजल्या, साधारण ३०० अंडी.

दुसऱ्या दिवशी चाळीसेक पांढरी पडली. ती फळलेली नव्हती. आई-बापांनी ती एकेक करून टिपून खाल्ली. काका अस्वस्थ, पण हा सफाईचा भाग. पांढऱ्या अंड्याला बुरशी येते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. बाकीच्यांना दोघं पाळीपाळीने पंखांनी वारा घालत होते.

७ तारखेला सकाळी साडेसातला फोन. "खाल्ली हो! सगळी खाल्ली! पाईप कोरा आहे!"

मी म्हणालो, "काका, हीटरच्या मागे बघा. काचेवर."

थोडा वेळ फोनवर फक्त एअर पंपाची घरघर. मग, "अगं बाई..." (हे काकू). काचेच्या कोपऱ्यात वळवळणाऱ्या शेपट्यांचा पुंजका होता. २८ अंशांना एंजलची अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात. फुटली की आई-बाप पिल्लं तोंडात घेऊन दुसऱ्या साफ जागी नेऊन चिकटवतात. पिल्लाच्या डोक्यावर चिकट धागा असतो, त्याने ती लटकून राहतात. एखादं सुटून खाली पडलं तर बाप झेप घेतो, तोंडात घेतो, चघळल्यासारखं करतो आणि पुंजक्यात थुंकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खाणंच वाटतं. नाशिकमध्येच माझ्या ओळखीच्या दोघांनी ह्याच क्षणी घाबरून आई-बाप बाहेर काढलेत.

पुढचे पाच दिवस काकांना काहीच करू न देणं हे माझं काम होतं. पिल्लांच्या पोटाला बलकाची पिशवी असते, त्यावर त्यांचं भागतं. तोंड अजून खाण्याजोगं झालेलं नसतं. तरी काकूंचा जीव राहवेना: "उपाशी आहेत ती, जरा काहीतरी टाका." काही टाकलं नाही. ह्या पाच दिवसांत टाकलेला प्रत्येक कण फक्त सडतो.

पोहायला लागली आणि खायला नव्हतं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथे चूक माझी.

१२ जानेवारीला सकाळी पिल्लं सुटली. आई-बापांभोवती धुक्यासारखा थवा, अंदाजे १८०. ह्या दिवसासाठी आर्टेमिया तयार हवा होता. बारीक कोळंबीवर्गीय जीव, त्याची वाळवलेली अंडी डब्यात मिळतात. मिठाच्या पाण्यात, खालून हवा सोडून, २६ ते २८ अंशांना चोवीस तासांत ती फुटतात. कृती सोपी आहे: कोल्ड्रिंकची मोठी बाटली तळ कापून उलटी टांगायची, लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, पाव चमचा अंडी. मी १० तारखेच्या संध्याकाळी लावून आलो होतो. दीड दिवसाने बाटलीत तपकिरी अंडी तशीच गरगर फिरत होती.

बाटली ओट्यावर होती. हवामान मी विसरलो होतो. जानेवारीत नाशिकचा पारा रात्री दहाच्या खाली जातो आणि काकांच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेकडे उघडते. थर्मामीटर बुडवला तर १८. टँकमध्ये हीटर, बाटलीत नाही. मासे गरम, त्यांचं जेवण थंडीत. पंधरा वर्षं मासे पाळून हे लक्षात येऊ नये!

घरी जाऊन दह्याच्या डब्यातल्या मायक्रोवर्म आणल्या. भिजवलेल्या ओट्सवर यीस्ट शिंपडून वाढवलेल्या ह्या सूक्ष्म अळ्या डब्याच्या भिंतीवर चढतात, बोटाने निपटून घ्यायच्या. त्या तळाशी बसतात, एंजलची पिल्लं तर मधल्या पाण्यात असतात; पण निदान पोटात काही गेलं. नवी बाटली काकांनी टँकशेजारी बादलीत उभी केली, बादलीत जुना हीटर. टूलरूमचा माणूस! तासाभरात त्याने लाकडी पट्टीचा स्टँडही केला.

१३ तारखेला भोगी. दुपारी बाटली केशरी झाली. हवा बंद करून दहा मिनिटं ठेवली की टरफलं वर तरंगतात आणि जिवंत आर्टेमिया खाली, उजेडाच्या दिशेने जमतात. नळीने तो केशरी भाग काकूंच्या जुन्या मलमलच्या तुकड्यातून गाळला आणि साध्या पाण्याने धुतला. टरफलं मध्ये येऊ द्यायची नाहीत. ती पचत नाहीत, आतड्यात अडकतात. ड्रॉपरने थव्याच्या मध्यावर सोडलं. पंधरा मिनिटांत पिल्लांची पोटं केशरी. नात काचेला नाक लावून म्हणाली, "आजोबा, ह्यांनी गाजर खाल्लं?"

तेव्हापासून त्या घरात ‘गाजर दिसतंय का’ हीच तपासणी. पोट केशरी असेल तर पोरगं जेवलं. दुसरं काही बघायला नको.

इथे एक गैरसमज. एंजल आई-बाप पिल्लांना भरवतात असं बरेच जण समजतात, कारण त्यांनी डिस्कस ह्या दुसऱ्या माशाबद्दल ऐकलेलं असतं. डिस्कसची पिल्लं खरोखरच आई-बापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. २०१० साली ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या आणि ब्राझीलच्या संशोधकांनी दाखवलं की पिल्लं वाढवण्याच्या काळात त्या स्रावातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात. एंजल त्याच अमेझॉनच्या खोऱ्यातले आणि त्याच सिक्लिड कुळातले, पण त्यांच्या पिल्लांचं पोट अंगावरच्या स्रावावर भरत नाही. ते राखण करतात, भरकटलेल्याला परत आणतात, अंधार पडला की सगळ्यांना गोळा करतात. जेवणाचं खातं पूर्णपणे आपल्याकडे.

काकांनी दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावायला सुरुवात केली. आर्टेमिया फुटल्यावर स्वतःचाच साठा संपवत जातो, म्हणून तो ताजा असतानाच द्यावा; उरलेला गाळून मिठाच्या पाण्यात फ्रिजमध्ये. दिवसातून चार वेळा: सकाळी सात, बारा, पाच, रात्री नऊ. प्रत्येक वेळी थोडंच. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो, मग तळाशी पडतो. तो हवेच्या नळीने पांढऱ्या बादलीत ओढून काढायचा, म्हणजे चुकून आलेली पिल्लं पांढऱ्यावर दिसतात आणि चमच्याने परत सोडता येतात. रोज पंचमांश पाणी बदल. नळाचं पाणी बर्फासारखं, त्यात पातेल्यातलं गरम मिसळून थर्मामीटर लावून, बारीक नळीने थेंबथेंब.

आई-बापांचं जेवण हा वेगळा प्रश्न. ते भुकेले राहिले तर पिल्लांवर नजर जाते. त्यांना भरपूर टाकलं तर पाणी बिघडतं. काका त्यांना दुकानातल्या जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल अळ्या, देत असत. मी त्या बंद करायला लावल्या. त्या गटारातल्या गाळात वाढतात आणि तो गाळ बरोबर घेऊन येतात. मोठ्या माशाला एक वेळ झेपेल, आठ दिवसांच्या पिल्लाला नाही. त्याऐवजी बुडणारे दाणे, मोजून, थव्यापासून लांबच्या कोपऱ्यात, आणि पिल्लांच्या आधी.

वीज गेली तो दिवस

१७ जानेवारीला दुरुस्तीसाठी वीज गेली ती पाच तास. वहीत दर अर्ध्या तासाने तापमान आहे: २८ वरून २५. काकूंनी टँकला गोधडी गुंडाळली, काकांनी गरम पाण्याच्या बंद बाटल्या तरंगत ठेवल्या आणि पेल्याने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिले, हवा मिसळावी म्हणून. सहा-सात पिल्लं गेली. आर्टेमियाची एक बाटली पूर्ण मेली. हवा बंद पडली की ती तग धरत नाही. दुसऱ्या दिवशी एअर पंप इन्व्हर्टरवर गेला. पाच वॅटचा पंप, तो आधीच तिथे असायला हवा होता.

आई-बापांना कधी काढायचं

तिसऱ्या आठवड्यात पिल्लांना वरचे-खालचे पंख फुटले, एंजलसारखी दिसायला लागली. आर्टेमियाबरोबर बारीक भुकटी केलेलं खाद्य सुरू केलं. आधी भुकटी, मग आर्टेमिया, नाहीतर भुकटीला तोंड लावत नाहीत.

मग नराने पाईप पुन्हा घासायला घेतला. वहीत ३ फेब्रुवारी: "नर पिल्लांना जवळ येऊ देत नाही. दोनदा धक्का." हीच वेळ. नवी अंडी घालायची तयारी झाली की मोठी पिल्लं त्यांच्या लेखी परकी होतात. काका पिल्लं उचलून दुसरीकडे न्यायला निघाले, मी थांबवलं. मुरलेलं पाणी, ओळखीचा फिल्टर, ठरलेलं तापमान हे सगळं पिल्लांना हवं; मोठ्यांना जुना टँक चालतो. ५ फेब्रुवारीला जोडी हॉलमधल्या तीन फुटीत परत गेली. पिल्लं त्या दिवशी कोपऱ्यात गोळा होऊन बसली, संध्याकाळी पाचच्या आर्टेमियाला मात्र सगळी पुढे.

आकडे

२३ फेब्रुवारीला, पोहायला लागल्यापासून सहा आठवड्यांनी, काकांनी फोटोवर टिंबं काढून मोजलं: ११२. सर्वात जास्त पडझड पहिल्या तीन दिवसांत, म्हणजे बाटली ओट्यावर राहिली त्याचा परिणाम. त्यानंतरचे मृत्यू तुरळक. नऊ पिल्लांचे कल्ले अर्धवट झाकलेले आहेत, ती कुणाला द्यायची नाहीत असं ठरलंय. ८५ लिटरला ११२ फार होतात. अर्धी काकांनी घाईने विकत घेतलेल्या दुसऱ्या टँकमध्ये गेली. रुपयाच्या नाण्याएवढी झाली की जवळचा दुकानदार साठेक घ्यायला तयार आहे, पैशांऐवजी आर्टेमियाचा डबा आणि खाद्य देणार म्हणतो. काकूंचा हिशेब वेगळा: विजेचं बिल, मीठ, आणि एक मलमलची साडी.

परवा गेलो तर काका सहज बोलले, जोडीने मोठ्या टँकमध्ये हीटरच्या काचेवर पुन्हा अंडी घातली होती.

"मग?"

"मग काय, सकर आहे ना. सकाळी साफ."

नातीने तेवढ्यात वहीत तारीख घातली आणि समोर लिहिलं: सकरने खाल्ली, आई-बाबांनी नाही.